भिंगाखालचं गवत

गवताला फुलं येतात हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे आयुष्यभर ती फुलं तुडवत चालतो. त्यांना रंगीत पाकळ्या नसतात, मध नसतो. कीटकांना बोलवायचंच नसतं, परागकण वाऱ्यावर सोडायचे असतात. म्हणून केसाहून बारीक तंतूंवर परागकोश बाहेर लोंबत राहतात आणि शेजारी पिसासारखी कुक्षी वाऱ्यातले कण अडवायला पसरलेली असते. बऱ्याच जातींत हा उघडा संसार काही तासांचाच, आणि बहुधा सकाळचा. दुपारी गेलात तर कोमेजलेले दोरे तेवढे दिसतील.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात रानातल्या फुलांचा दाखला दिला आणि पाठोपाठ त्यांना रानातलं गवतच म्हटलं: आज आहे, उद्या भट्टीत पडणार (मत्तय 6:28–30). सरपणाची टंचाई असलेल्या त्या मुलखात वाळलं गवत भाकरीची भट्टी पेटवायला वापरत. ती फुलं नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गालीलच्या टेकड्यांवर वसंतात फुलणाऱ्या लाल अ‍ॅनिमोनचं नाव पुष्कळदा पुढे येतं. फूल कुठलंही असो, शलमोन राजाच्या राजवस्त्रांपुढे प्रभूने उभं केलं ते जळण. आणि सांगितलं काय, तर ती कशी वाढतात ते लक्ष देऊन पाहा. कौतुक करा, असं तिथे कुठेही नाही.

निसर्गात गेल्यावर विश्वास दृढ झाला असं सांगणारे ख्रिस्ती लोक पुष्कळ भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. डोंगरमाथ्यावर मन भरून येतं, ओठांवर स्तोत्र येतं. मग सोमवारी तपासणीचा अहवाल हातात पडतो आणि त्या भरून येण्यातलं काहीच कामाला येत नाही. कारण बहुतेक वेळा साधं असतं: पाहिलं फारसं नव्हतंच, नुसतं वाटलं होतं. ‘किती सुंदर!’ या उद्गारामागे डोळ्यांनी टिपलेलं काही नसेल, तर नंतर आठवणीला धरायला काही उरत नाही. विश्वासाला खाद्य मिळतं ते तपशिलातून. पवित्र शास्त्रातले सृष्टीचे उतारेही म्हणूनच इतके बारकाव्यांचे आहेत. स्तोत्र 104 मध्ये कोणता पक्षी कोणत्या झाडावर घरटं करतो, रानबकरे कुठे राहतात, सिंह किती वाजता परततात आणि माणूस किती वाजता कामाला निघतो, हे सगळं आहे. त्या स्तोत्रात माणसाला मोठं स्थानही नाही. रात्रपाळी सिंहाची, दिवसपाळी माणसाची, बस्स.

पद्धत हवी असेल तर स्तोत्र 19 हाताशी आहे. एकूण चौदा वचनं. पहिली सहा आकाशाविषयी, पुढची पाच परमेश्वराच्या नियमशास्त्राविषयी, शेवटची तीन स्वतःविषयी: गुप्त दोषांची क्षमा, उन्मत्तपणाच्या पापांपासून राखण, आणि तोंडचे शब्द व मनातले विचार देवाला मान्य व्हावेत ही विनंती. अर्धा तास हाती असेल तर याच क्रमाने, उतरत्या वेळांत वाटावा. पंधरा मिनिटं पाहणं, दहा मिनिटं वचन, पाच मिनिटं प्रार्थना.

पाहण्याची पंधरा मिनिटं सर्वांत अवघड जातात. जागा एकच ठरवावी आणि पुन्हापुन्हा तिथेच जावं, कारण नव्या जागी डोळा नुसता भिरभिरतो. बसल्यावर पहिली काही मिनिटं आजूबाजूला शांतता असते, ती पवित्र वगैरे नसते. आपण आलो म्हणून पक्षी गप्प झालेले असतात. हालचाल न करता बसलं की ते हळूहळू आपापल्या कामाला लागतात, आणि खरं पाहणं तिथून सुरू होतं. नेमके याच सुमाराला लोक उठतात. फोन पिशवीत, आवाज बंद. फोटो काढायचाच असेल तर शेवटी, कारण एकदा काढला की ते दृश्य सांभाळायचं काम यंत्राकडे गेलं असं मनाला वाटतं आणि डोळे सुटतात. हाताच्या अंतरावरची एकच वस्तू निवडावी. दगडावरचं दगडफूल, सालीची भेग, कोळ्याचं जाळं. वहीत तीन वाक्यं लिहावीत आणि त्यांत एकही विशेषण नसावं: किती, कुठे, कशाला जोडलेलं, काय हललं. चित्र येत नसलं तरी काढावं. पान दातेरी होतं की सलग कडेचं, हे आपण पाहिलेलंच नव्हतं, ते रेघ ओढताना कळतं.

वचन मात्र नंतर वाचायचं. पुष्कळ भक्तिपर पुस्तिका उलट क्रम देतात: आधी उतारा, मग बाहेर जाऊन त्याला शोभेल असं काही शोधा. त्यात होतं असं की माणूस जे बरोबर घेऊन गेला तेच घेऊन परत येतो. खडक दिसला की ‘प्रभू माझा खडक’, झरा दिसला की ‘जिवंत पाणी’. खडक कसला होता, झऱ्यात काय होतं, विचारू नका. सृष्टीला आधी तिचं स्वतःचं बोलू द्यावं. आणि शेवटची पाच मिनिटं गाळू नयेत. आकाश पाहून झालं, वचन वाचून झालं, की स्तोत्रकर्ता स्वतःच्या चुकांकडे वळतो. एवढा लखलखीत सूर्य, ज्याच्या उष्णतेपासून काहीच लपत नाही असं तो आत्ताच म्हणाला, आणि त्या उजेडात स्वतःच्या मनाचा कोपरा बघायचा नाही, असं कसं चालेल?

साधनं फार लागत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं घडीचं छोटं भिंग पुरे. ते वापरताना जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीला एकच चूक करतो: वाचायच्या भिंगासारखं वस्तूजवळ धरून स्वतः लांब राहतो. मग दिसतं अंधूक आणि टिचभर. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, तो हात गालाला टेकून स्थिर करायचा आणि फूल दुसऱ्या हाताने भिंगाकडे आणायचं. साधारण अडीच सेंटिमीटरवर ते लख्ख होतं. पाठ उजेडाकडे नको, उजेड फुलावर पडला पाहिजे. सूर्यफूल किंवा त्याच्या कुळातलं कुठलंही फूल घेतलं तर कळतं की हे एक फूल नव्हेच, अनेक छोट्या फुलांची वसाहत आहे. मधली फुलं बाहेरून आत अशी क्रमाने उमलत जातात, त्यामुळे एकाच तबकडीत उमललेली, उमलणारी आणि अजून मिटलेली अशी तिन्ही वयं दिसतात. हे पाहिल्यावर मत्तयाचा सहावा अध्याय उघडावा. ‘देव असा पोशाख घालतो’ यातल्या ‘असा’वर तेव्हा नजर थांबते.

रात्रीच्या आकाशाचे नियम वेगळे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या दिव्याचा एक झोत ती काही सेकंदांत घालवतो. विजेरीवर लाल कागद लावावा. अमावास्येच्या आगेमागचे दिवस निवडावेत. फिकट वस्तूकडे सरळ न बघता जराशी बाजूला नजर ठेवावी, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर नसतातच. देवयानी दीर्घिका अशीच दिसते, तिरक्या नजरेने, धुरकट डागासारखी. तिचा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. स्तोत्र 8 मधला प्रश्न, मनुष्य तो काय की तू त्याची आठवण करावी, इथे आपोआप तोंडी येतो. तो घाईने सोडवू नये. स्तोत्रकर्ता लगेच पुढे म्हणतो की तू त्याला गौरव व थोरवी यांचा मुकुट घातला आहेस, पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये थोडा वेळ अंधारात बसायला हरकत नाही.

इथे एक सावधगिरी. ईयोबाच्या पुस्तकातल्या 38व्या अध्यायात परमेश्वर दुःखात सापडलेल्या ईयोबाला विचारतो, कृत्तिकांचा गुच्छ तुला बांधता येईल काय, मृगाचे बंध तुला सोडता येतील काय? कृत्तिका हा खरोखरच गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेला तारकागुच्छ आहे, हे हाती लागताच काही उत्साही वक्ते ‘बायबलला हे आधीच ठाऊक होतं’ असं जाहीर करतात. त्या उताऱ्याचं ते काम नाही. ईयोबाला खगोलशास्त्र शिकवलेलं नाही. तुझ्या हातात काय आहे आणि काय नाही, एवढं विचारलेलं आहे. वचनाला प्रयोगशाळेचा दाखला लावला की दाखला बदलल्यावर विश्वासही डुगडुगतो. उलट भीतीही तितकीच निरर्थक आहे. शास्त्रीय कारण कळलं की आश्चर्य संपतं, असं मानणाऱ्यांनी इंद्रधनुष्य मोजून पाहावं. सूर्याकडे पाठ करावी. आपल्या डोक्याची सावली जिथे पडते ती दिशा धरावी आणि हात ताठ करून दोन वीत बाजूला सरकावं. ताठ हाताच्या टोकाशी एक वीत साधारण 20 अंशांची भरते आणि मुख्य धनुष्य 42 अंशांवर असतं. म्हणूनच सूर्य क्षितिजापासून 42 अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसत नाही. लाल रंग बाहेर. त्याबाहेर फिकट दुसरं धनुष्य असेल तर त्यात रंग उलटे. आणि ते टांगलेलं असतं कुठे, तर कुठेच नाही. प्रत्येक डोळ्यापर्यंत वेगळ्या थेंबांतून प्रकाश येतो, म्हणजे शेजारी उभ्या माणसाचं धनुष्य वेगळं. एवढं कळल्यावर उत्पत्ती 9 वाचलं की एक गोष्ट नजरेत भरते: तिथे धनुष्य पाहणारा देव आहे. मी ते पाहीन आणि कराराची आठवण करीन, असं तो म्हणतो. भौतिकशास्त्राने या वाक्यातलं काही काढून घेतलेलं नाही.

आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन मठवासी. 1856 ते 1863 या काळात त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं वाढवली, दाणे गुळगुळीत किती आणि सुरकुतलेले किती, हे मोजत बसला. मोजण्याने त्याची प्रार्थना बिघडली असावी असं मानायला काही आधार नाही.

सौंदर्याला पुरावा म्हणून उभं करणं ही मात्र मोठी चूक आहे, आणि ती श्रद्धाळू माणसंच जास्त करतात. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की देवाचं सनातन सामर्थ्य आणि देवपण निर्मिलेल्या वस्तूंवरून कळून येतं (1:20). सामर्थ्य आणि देवपण. क्षमा असं तो म्हणत नाही, वधस्तंभ असंही नाही. 1561 मध्ये नेदरलँड्सच्या छळ सोसणाऱ्या सुधारित (प्रॉटेस्टंट) मंडळ्यांसाठी लिहिलेल्या बेल्जिक विश्वासपत्रात हाच भेद नीट मांडलेला आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात जगाला सुंदर ग्रंथ म्हटलं आहे, लहानमोठे सर्व जीव ही त्यातली अक्षरं, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की देव स्वतःला अधिक स्पष्टपणे प्रकट करतो तो आपल्या वचनात. तो लिहिणारा गीदो द ब्रे 1567 मध्ये विश्वासासाठी फाशी गेला. फाशीची वेळ आल्यावर पुरेल अशी श्रद्धा नुसत्या सूर्यास्तांवर उभी राहत नाही, हे त्याला आपल्याहून बरं ठाऊक असणार.

कारण सृष्टीच्या या ग्रंथाची काही पानं भयंकर आहेत. 22 मे 1860 रोजी चार्ल्स डार्विनने अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला पत्र लिहिलं. ग्रे प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती होता. जिवंत सुरवंटाच्या अंगात राहून त्याला आतून खाणाऱ्या अळ्यांच्या इक्न्यूमन माश्या एखाद्या कृपाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवल्या, हे आपल्याला पटवून घेता येत नाही, असं डार्विनने त्यात लिहिलं. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला चिकटवायला तयार उत्तर नाही. निसर्गभक्तीच्या बहुतेक लेखनात ही माशी येतच नाही, हा त्या लेखनाचा दोष. पवित्र शास्त्रात मात्र अशा पानांना जागा आहे. ईयोबाच्या 39व्या अध्यायाच्या शेवटी गरुडाची पिल्लं रक्त पितात आणि हे देव स्वतः सांगतो, काही अवघडल्यासारखं न वाटता. स्तोत्र 104 मधले सिंह गर्जना करून देवाकडेच भक्ष्य मागतात. पौल सांगतो की सगळी सृष्टी आजपर्यंत कण्हत आहे, वेणा देत आहे (रोम 8:22). वेणांनंतर जन्म असतो, ही त्यातली आशा. पण आशा म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, आणि दोन्ही एकच आहेत असं भासवू नये.

चिमणीचं वचनही असंच अर्धं ऐकलं जातं. दोन चिमण्या एका दमडीला (मत्तय 10:29), पाच चिमण्या दोन दमड्यांना (लूक 12:6). म्हणजे पाचवी फुकट, आणि देवाला विसर पडत नाही तो त्या फुकटच्या पाचवीचाही. इथपर्यंत सगळे आनंदाने येतात. पण प्रभू असं म्हणाला नाही की चिमणी पडणार नाही. पित्यावाचून पडणार नाही, असं म्हणाला. लहान पक्ष्यांच्या बऱ्याच जातींत निम्म्याहून अधिक पिल्लं पहिलं वर्ष पार करत नाहीत. हे माहीत असताना ते वचन वाचलं की ते गोड राहत नाही, पण टिकाऊ होतं. ते बोलणारा स्वतः पुढे मातीत गेला, आणि तेही पित्यावाचून नाही. ख्रिस्ती माणूस सृष्टीकडे बघतो ते या घटनेच्या पलीकडून. कलस्सैकरांस पत्र म्हणतं की सर्व काही त्याच्या द्वारे व त्याच्यासाठी निर्माण झालं आणि त्याच्यामध्ये टिकून आहे (1:16–17). हातांवर खिळ्यांचे व्रण असलेल्याने गवताला पोशाख घातला आहे, हे एकदा मनात बसलं की सौंदर्य आणि वेदना यांना वेगवेगळ्या खणांत ठेवायची गरज राहत नाही.

काही जण नियमाने जातात, बसतात, पाहतात आणि तरी त्यांना काहीच वाटत नाही. त्यांनी एलीया संदेष्ट्याची आठवण ठेवावी. 1 राजे 19 मध्ये पर्वत फोडणारा वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि परमेश्वर त्यांपैकी कशातच नव्हता. वाटणं ही देणगी आहे, ती मागून मिळत नाही. दरवेळी तीच लहर यावी म्हणून अधिक उंच डोंगर, अधिक दूरचा समुद्र शोधत जाणं हे व्यसनच. त्यापेक्षा त्याच जागेवर परत जावं आणि तीन वाक्यं लिहावीत. पाहिलेलं वाया जात नाही.

‘माझं चर्च म्हणजे जंगल’ हे वाक्यही आता फार ऐकू येतं. त्यात एकांताची खरी तहान असते, मंडळीतल्या भांडणांचा कंटाळाही असतो आणि तो बऱ्याचदा रास्त असतो. येशूही डोंगरावर एकटा जायचा, पण खाली यायचा. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात पृथ्वीला, समुद्राला, वाऱ्याला विचारलं आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: आम्ही तुझा देव नव्हे, आम्हाला त्याने घडवलं. झाड एवढंच सांगू शकतं. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, हे ते सांगू शकत नाही, त्याला माणूस लागतो. प्रभुभोजनाच्या मेजावर कणीस आणि द्राक्षघड ठेवलेले नसतात, भाकर आणि द्राक्षारस असतो. दळणं, मळणं, तुडवणं, वाट बघणं हे माणसांचे हात त्यात आलेले असतात. जंगलातून येताना मंडळीसाठी काही आणता आलं तर आणावं: निदान उपकारस्तुतीच्या वेळी ‘सृष्टीबद्दल आभार’ असं मोघम न म्हणता एका पाखराचं नाव.

राखणीचं वेगळं सांगायला नको. उत्पत्ती 2:15 मध्ये माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. ऑर्थोडॉक्स मंडळीत कुलपिता, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, दिमित्रिओस यांनी 1989 मध्ये 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला आणि आता अनेक मंडळ्या तिथपासून 4 ऑक्टोबरपर्यंतचा काळ पाळतात. बारकाईने पाहणाऱ्याला वेगळी आज्ञा लागत नाही. ओळखीची जागा बिघडलेली त्याला सर्वांआधी दिसते.

ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मंडळीच्या पाळकांना पडायला हवा. 4 ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारं त्याचं स्तोत्र त्याने 1225 च्या सुमारास रचलं तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ गेलेले होते आणि उजेड सहन होत नव्हता. मरणाला बहीण म्हणणारा भाग 1226 मध्ये, शेवट जवळ आल्यावर जोडला. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या किंवा दृष्टी गेलेल्या माणसाला ‘तुम्हाला हे जमणार नाही’ असं धरून चालू नये. भेटीला जाताना फुलांचा गुच्छ नेण्यापेक्षा एक फांदी न्यावी, काटे नसलेली, चीक न गळणारी. दम्याचा किंवा परागकणांचा त्रास आहे का, ते आधी विचारावं, आणि रुग्णालयात नेणार असाल तर तिथल्या परिचारिकेलाही. साल, पान, कळी हातात द्यावी, एकेक, सावकाश. त्यांनाच सांगू द्यावं: खरखरीत की गुळगुळीत, पानं समोरासमोर की एकाआड एक, चुरगळल्यावर वास कसला. मध्येच दाखला जोडायचा मोह आवरावा. दहा-पंधरा मिनिटांत माणूस थकतो, तिथे थांबावं, मग स्तोत्र 104 ची पाच-सहा वचनं वाचावीत आणि पुढच्या वेळी कुठल्या झाडाची फांदी आणायची ते त्यांना विचारून निघावं.